पाटी, कमान आणि कायदा : प्रस्तावना

मुंबईच्या दादाभाई नौरोजी रोडवर भर पावसातही छत्री न उघडता लांबपर्यंत चालत जाता येतं. डोक्यावर इमारतींचा पहिला मजला, रस्त्याच्या बाजूला दगडी खांब आणि कमानी, आतल्या बाजूला दुकानं. बोरीबंदरला लोकलमधून उतरून हुतात्मा चौकाकडे निघालेला नोकरदार रोज याच कमानींखालून जातो. ही सोय कुणा शेटजींच्या उदारपणातून झालेली नाही. १८६० च्या दशकात कोटाची तटबंदी पाडली, रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना इमारती उठू लागल्या. आणि १८९६ साली सरकारने नियम केला, की या रस्त्यावर, तेव्हाच्या हॉर्नबी रोडवर, जो इमारत बांधेल त्याने तळमजल्याला पादचाऱ्यांसाठी कमानींची झाकलेली वाट ठेवलीच पाहिजे. वरचे मजले कसे असावेत हे मालकावर आणि त्याच्या वास्तुविशारदावर सोडलं होतं. कुणी गॉथिक बांधलं, कुणी नवअभिजात, कुणी घुमट आणि जाळ्यांची भर घातली. इतकी वेगवेगळी तोंडं असूनही रस्ता एका हाताने रचल्यासारखा वाटतो, तो खालच्या कमानींमुळे.

जुन्या इमारतींमधले फेरफार आणि बाजारपेठेतल्या पाट्या यांच्या नियमांवरच्या पुस्तकाची प्रस्तावना या रस्त्यापासून सुरू करण्याला कारण आहे. नियम म्हटलं की आपल्या मनात आधी अडवणूक येते. वॉर्ड ऑफिसातले हेलपाटे, एनओसी, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकणारी फाईल. आणि सौंदर्य म्हटलं की आठवतो तो एखादा थोर वास्तुविशारद. पण मुंबईतले जे भाग आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, ते बहुतेक नियमांनी घडवले आहेत. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि या ट्रस्टने खोलीत उजेड-वारा येण्यासाठी समोरच्या इमारतीच्या उंचीला साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाची मर्यादा घालण्याचा आग्रह धरला. दादर-माटुंग्याच्या हिंदू कॉलनीत आणि पारशी कॉलनीत आजही ऊन घरात येतं, झाडांना वाढायला जागा आहे, त्यामागे ट्रस्टने आखून दिलेले प्लॉट आणि सोडायला लावलेली मोकळी जागा आहे. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेची आर्ट डेको इमारतींची रांग एका उंचीत, एका रेषेत उभी आहे, तीही बॅक बेच्या भरावावर इमारत बांधताना पाळाव्या लागलेल्या अटींमुळे. त्या अटी ज्यांनी लिहिल्या त्यांना रस्त्यावरून चालणारा माणूस डोळ्यांसमोर दिसत होता. आज नियम सुधारायला बसणाऱ्यांनाही तो दिसावा, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे, असं मी समजतो.

पुस्तकातले लेख कोट आणि त्याच्या आसपासच्या भागापुरते आहेत. लिहिणाऱ्यांत जतनाचं काम करणारे वास्तुविशारद आहेत, पालिकेत वर्षानुवर्षं फायली हाताळलेली माणसं आहेत, कोटात दुकान चालवणारे आहेत. त्यांचं एकमेकांशी सगळीकडे पटलेलं नाही, आणि संपादकांनी ते मतभेद तसेच ठेवले हे फार चांगलं केलं.

ज्या नियमांची ही चर्चा आहे ते १९९५ साली आले. त्याआधी आपल्या देशात संरक्षित वास्तू म्हणजे लेणी, किल्ले, देवळं, मकबरे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक लागला की वास्तू सुरक्षित, आणि बहुधा रिकामी. जिच्या तळमजल्यावर चष्म्याचं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर वकिलांची ऑफिसं आहेत आणि वर चार कुटुंबं राहतात, अशा इमारतीला कुठल्याच कायद्यात जागा नव्हती. मुंबईच्या वारसा नियमावलीने नांदती इमारत पालिकेच्या विकास नियंत्रणाच्या चौकटीत आणली आणि तिला श्रेणी दिली. भारतातली अशी ही पहिली नियमावली. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू. त्यांना बळकटी देण्यापुरतं सोडून आतून-बाहेरून हात लावायचा नाही. दुसरीचे दोन भाग, अ आणि ब; आतले फेरफार आणि नवा वापर शक्य, बाहेरचं रूप मात्र तपासणीखाली, आणि ब मध्ये त्याच आवारात आणखी बांधकामालाही वाव. तिसऱ्या श्रेणीत रस्त्याच्या आणि वस्तीच्या दृष्टीने महत्त्वाच्या इमारती. त्यांच्यात बदलाला बरीच मोकळीक. शिवाय एकेकटी इमारत बाजूला ठेवून सबंध परिसरालाच वारसा मानण्याची सोय. आणि सल्ल्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती. २०१८ साली आलेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्येही हा सांगाडा कायम आहे.

या नियमावलीचं ऋण मोठं आहे. ती नसती तर कोटातला मोक्याचा कोपरान् कोपरा काचेच्या भिंतींखाली गेला असता, यात मला शंका नाही. ३० जून २०१८ रोजी बहरीनमधल्या मनामा इथे युनेस्कोने मुंबईचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह जागतिक वारसा यादीत घेतला. घारापुरी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसनंतर शहराचं हे तिसरं स्थान. एकूण ९४ इमारती, ६६.३४ हेक्टरचा गाभा आणि भोवती ३७८.७८ हेक्टरचा संरक्षित पट्टा. इतका मोठा पट्टा १९९५ पासून कुठल्या तरी नियमाखाली होता म्हणूनच तो दाखवण्याजोगा उरला.

तरीही ही नियमावली सुधारायला हवी, आणि लवकर. तिचं सगळ्यात मोठं दुखणं मला असं दिसतं, की इमारतीला काय करू नये हे ती बरंच सांगते, इमारत टिकवण्याचा खर्च कोण करणार हे फार थोडं सांगते. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन आठवा. पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. इंग्लंडमध्ये ओतून जहाजातून आणलेल्या लोखंडी सांगाड्याची, १८६० च्या दशकात उभी राहिलेली इमारत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातला पहिला खेळ इथे झाला. तिला वारसा दर्जा होता. तो असतानाच २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर ती रिकामी करावी लागली. श्रेणी द्यायची राहून गेली होती म्हणून हे घडलं असं कुणी म्हणू शकणार नाही. भाडेकरूंचं भाडं जुन्या कायद्याने गोठलेलं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात प्रमाण भाड्याला सप्टेंबर १९४० चा आधार होता. त्या भाड्यातून मालक लोखंडी तुळयांची डागडुजी करील ही अपेक्षाच चुकीची. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं, उपकर सुरू झाला, पण मंडळाची दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा टेकू. दक्षिण मुंबईत वाढलेल्या माणसाला टेकू लावलेला जिना ओळखीचा असतो. मालकाला परवडत नाही, भाडेकरूला हक्क सोडवत नाही, मंडळाकडे पैसा पुरत नाही, आणि चौथ्या टेबलावर वारसा समिती सांगते की बाह्यरूप बदलू नका.

नियमावलीत विकास हक्क हस्तांतरणाची, म्हणजे टीडीआरची तरतूद आहे. वारसा दर्जामुळे जे बांधकाम करता येत नाही ते मालकाने दुसरीकडे विकावं, हा त्यामागचा विचार. विचार योग्य आहे. पण तो पैसा पुन्हा त्याच इमारतीच्या दगड-चुन्यात येईल याची हमी लागते, आणि ज्या मालकाकडे सल्लागार नेमायची ऐपत नाही त्याला ही वाट चालता आली पाहिजे. या विषयावरचा लेख पुस्तकात आहे आणि तो सावकाश वाचावा. आकडेमोड थोडी किचकट आहे, पण सगळ्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे.

दुरुस्ती आणि बदल यांतला फरक हे दुसरं दुखणं. कागदावर दोन्ही वेगळे आहेत, भिंतीवर नाहीत. कोटातल्या पुष्कळ इमारती पोरबंदरी किंवा मालाडच्या दगडाच्या आणि चुन्याच्या. चुन्याचा सांधा पावसाळ्यात ओल घेतो आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडतो, दगडही तसाच. आता गवंडी येतो आणि उखडलेल्या सांध्यात सिमेंट भरतो. काम एका दिवसात होतं, वरून घट्ट दिसतं. पण सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, ती दगडातून वाट काढते, बरोबर क्षार आणते, आणि काही पावसाळ्यांत सांधा जागच्या जागी राहतो आणि त्याच्या कडेचा दगड पापुद्र्यांनी सुटू लागतो. कोरलेली पानं, नक्षीची फुलं आधी जातात, कारण ती पातळ असतात. या कामाला कुणी बदल म्हणत नाही. अर्जात लिहायचं तर ही किरकोळ दुरुस्ती. उलट खिडकीचं सडलेलं सागवानी तावदान तसंच्या तसं नवं करून बसवायचं असेल तर ते बाह्यरूपाचं काम ठरून चौकशीत अडकू शकतं. इमारतीला ज्याने अपाय होतो ते विनासायास होतं, आणि ज्याने ती जगते त्याला वेळ लागतो. नियमाची फेररचना करायची तर आधी हे उलटं पडलेलं सुलटं करावं लागेल. चुना, दगड, सागवान, बीडाचे कठडे, मंगलोरी कौलं या मूळ साहित्यात केलेल्या दुरुस्तीला नुसती लेखी सूचना पुरेशी मानावी आणि सिमेंटच्या गिलाव्याला परवानगी लागावी, अशी मांडणी या पुस्तकात एका लेखकाने केली आहे. मला ती पूर्ण पटते.

आर्ट डेको इमारतींचं गणित वेगळं आहे. त्या १९३० च्या दशकातल्या, आरसीसीच्या. समुद्राच्या खाऱ्या हवेने आतली सळई गंजते, फुगते, काँक्रीट फोडते. खांबाभोवती नवा थर चढवला की खांब जाड होतो, आणि त्या इमारतींचं सगळं रूप तर सडपातळ रेषांत आणि गोल वळणाऱ्या बाल्कन्यांत आहे. त्यात बाल्कनी बंद करून खोली मोठी करायची मुंबईकराची जुनी गरज. एका मजल्यावर ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, दुसऱ्यावर लोखंडी जाळी, तिसऱ्यावर काळी काच. प्रत्येकाची गरज खरी आहे, हे मी मनापासून म्हणतो. पण सोसायटीने एकच नमुना ठरवला आणि समितीने तो एकदाच मंजूर केला, तर पुढे कुणालाच वेगळा अर्ज करावा लागणार नाही. इतकी साधी गोष्ट नियमात बसवता येते.

नियम करताना माणसांना विश्वासात घेतलं नाही तर काय होतं ते शिवाजी पार्कने दाखवलं. २०१२ मध्ये वारसा यादी वाढवण्याचा मोठा प्रस्ताव जाहीर झाला, त्यात शिवाजी पार्कचा परिसरही होता. ज्या वस्तीने आपल्या मैदानावर, कट्ट्यावर, दुमजली-तिमजली घरांवर इतकं प्रेम केलं, तिथल्याच कितीतरी रहिवाशांनी विरोध केला. पुनर्विकास अडेल, लिफ्ट नसलेल्या इमारतीत म्हातारपण काढावं लागेल, ही भीती होती. त्यांना वारशाचं वावडं आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. दर्जा मिळाल्यावर आपल्याला नेमकं काय करता येईल आणि दुरुस्तीला मदत कुठून मिळेल, हे त्यांना पटेल अशा शब्दांत सांगितलं गेलं नव्हतं. पुण्यातल्या शनिवारवाड्याच्या आसपासच्या रहिवाशांनी तर याहून कठीण अनुभव घेतला. केंद्र सरकारच्या २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद झालं, आणि तिथल्या मोडकळीला आलेल्या वाड्यांमधली कुटुंबं अडकून पडली. वाडा जतन करायचा कायदा वाड्यालाच पाडून टाकण्याइतका कडक होऊ नये.

आता पाट्यांकडे येतो. या पुस्तकाचा निम्मा भाग पाट्यांवर आहे, आणि ते प्रमाण मला योग्य वाटतं. इमारतीचं बाह्यरूप कुणी दहा-वीस वर्षांतून एकदा बदलतं. पाटी दर नव्या दुकानाबरोबर, नव्या ब्रँडबरोबर, जीएसटी नोंदणीतल्या नव्या नावाबरोबर बदलते. जुन्या बाजारपेठेचा चेहरा सगळ्यात जास्त बदलतो तो पाट्यांनी.

जवळून पाहा. कमानीच्या माथ्यावर एक कळीचा दगड असतो, बाकीच्या दगडांना धरून ठेवणारा, बहुधा थोडा पुढे आलेला आणि कोरलेला. त्याच्या वर एक आडवी पट्टी, मग पहिल्या मजल्याचे कंगोरे. जुनी पाटी या आडव्या पट्टीत बसायची. रंगवलेली लाकडी फळी, किंवा दगडात खिळ्यांनी बसवलेली सुटी पितळी अक्षरं. मग ग्लो साइन आली, तिला खोली हवी. मग एसीपीची, म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेलची शीट आली. तिच्यासाठी आधी चौकोनी लोखंडी सांगाडा उभारतात, तो जागोजागी ड्रिल मारून दगडात बोल्टने घट्ट करतात, आणि कमानीच्या वरच्या अर्ध्या भागासकट सगळं एका चकचकीत पत्र्यामागे जातं. आत कबुतरं घरटी करतात, पाणी साचतं, बोल्टचा गंज दगडावर ओघळतो. पाचेक वर्षांनी दुकान बदलतं, शीट निघते, भोकं राहतात. पुढचा दुकानदार नवी भोकं पाडतो, कारण त्याच्या सांगाड्याचं माप वेगळं. शेजारीच स्प्लिट एसीचं आउटडोअर युनिट, त्याची ड्रेनची नळी थेट कोरीव खांबावर ठिबकणारी. यातल्या कुणालाही इमारतीचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

सांगितलं तर ऐकतात, याचा पुरावा याच रस्त्यावर आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या पुढाकाराने वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दादाभाई नौरोजी रोडसाठी पाट्यांची आणि रस्त्यावरच्या बाकं-दिव्यांसारख्या साहित्याची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. पाटी खांबांच्या मधल्या जागेत बसावी, कमान आणि कोरीवकाम झाकलं जाऊ नये, हा त्यांचा गाभा. दुकानदारांना आणि भाडेकरूंना बरोबर घेतलं गेलं, त्यांची संघटना उभी राहिली, आणि बऱ्याच जणांनी पाट्या स्वतःहून बदलल्या. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. दंडाने जे झालं नसतं ते समजावण्याने झालं. मात्र समजावणं दर पिढीला नव्याने करावं लागतं. दुकानं हात बदलतात, आणि नव्या भाडेकरूला त्या तत्त्वांचं नावही ठाऊक नसतं. म्हणून मार्गदर्शक तत्त्वं दुकानाच्या परवान्यालाच जोडली पाहिजेत.

आज एका पाटीवर तीन कायदे येऊन भेटतात. वारसा परिसर असेल तर वारसा समिती. पाटीला दिवे असतील किंवा ती जाहिरात ठरत असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३२८ आणि ३२८-अ खालचं लायसन्स. आणि महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. या शेवटच्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत, आधी हवा आणि इतर लिपीतली अक्षरं मराठीहून मोठी नकोत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही हे लागू. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने दोन महिन्यांत अंमलबजावणी करायला सांगितलं.

मराठी पाटीचा हा नियम मला मनापासून मान्य आहे. ज्या शहरासाठी शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले, त्यांचं स्मारक ज्या चौकात आहे, त्या चौकाच्या चारी दिशांना मराठी अक्षर दिसलंच पाहिजे. पण तो नियम आणि वारसा नियम एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्याचं नुकसान मराठी अक्षरालाच सोसावं लागतं. मुदत संपत आली तेव्हा कितीतरी दुकानांनी जुन्या पाटीच्या वर किंवा शेजारी फ्लेक्सची पट्टी चिकटवली. कॉम्प्युटरवर हाताला लागेल तो फाँट, ताणून रुंद केलेला, कधी वेलांटीचं टोक कापलेलं. कायद्याची पूर्तता झाली, इमारतीचा आणखी एक भाग झाकला गेला, आणि मराठी मात्र पाहुणीसारखी कोपऱ्यात उभी राहिली.

इथे मापाचा एक प्रश्न आहे. इंग्रजी मोठ्या अक्षरांची उंची एकच असते, वरपासून खालपर्यंत. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार. खाली उकार, रुकार, जोडाक्षरांचे पाय. ‘ज्वेलर्स’ किंवा ‘पुस्तकालय’ लिहून पाहा. नियमात ‘अक्षरांची उंची इतके सेंटिमीटर’ एवढंच असेल तर टेप कुठून कुठे लावायची? मात्रेच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजलं तर अक्षराचा मुख्य देह बारीक होतो आणि मराठी नाव शेजारच्या इंग्रजी नावापुढे दबतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजलं तर पाटीची पट्टी वर-खाली मोकळी हवी, आणि कमानीवरची दगडी पट्टी तर वाढवता येत नाही. माझ्या मते माप शिरोरेषेपासूनच धरावं, कमानीवरची पट्टी मराठीला द्यावी, आणि इंग्रजी नाव काचेवर किंवा कमानीच्या आत टांगलेल्या लहान फळीवर जावं. जागा मर्यादित असेल तेव्हा दोन लिप्यांना एकाच पट्टीत कोंबण्याचा हट्ट कशासाठी? असं केलं तर दोन्ही कायद्यांचं समाधान होतं आणि कमानही उघडी राहते.

अक्षर काढणाऱ्या हातांची या शहरात कधीच वाण नव्हती. कमल शेडगे यांनी नाटकांच्या आणि नियतकालिकांच्या शीर्षकांना जो डौल दिला तो पाहत एक पिढी वाढली. र. कृ. जोशी यांनी देवनागरीला संगणकावर आणलं. ‘मंगल’ हा फाँट त्यांचा. सर ज. जी. उपयोजित कला संस्था तर याच दादाभाई नौरोजी रोडच्या टोकाला आहे. वारसा परिसरासाठी चार-पाच देवनागरी अक्षरवळणं ठरवून ती दुकानदारांना फुकट द्यावीत, असं एका लेखात सुचवलं आहे. मी त्याला एवढीच जोड देईन, की चार-पाचांवर थांबू नये. सगळ्या पाट्या एका साच्यातल्या झाल्या तर बाजारपेठ सरकारी कचेरीसारखी दिसेल. नियमाने जागा, माप, जाडी, उजेड आणि भिंतीला बसवायची रीत ठरवावी. अक्षर दुकानदाराचं असू द्यावं. १८९६ च्या नियमानेही खालची वाट ठरवून वरची इमारत मोकळी सोडली होती.

जुन्या पाट्यांबद्दलही थोडं. इमारतीच्या दगडात कोरलेलं नाव आणि साल, इराण्याच्या हॉटेलातली रंगवलेली काच, गुजराती किंवा उर्दू अक्षरांची लाकडी फळी, डेको इमारतींवरची सिमेंटमध्ये उठवलेली नावं. ही नामफलक कायद्याच्या दृष्टीने पाटी असली तरी तिथल्या इतिहासाचा ऐवज आहे. महात्मा गांधी मार्गावर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची १९३६ ची इमारत पाहा. मास्टर, साठे आणि भुता यांची रचना, ना. ग. पानसरे यांची शिल्पं. तिथे कुणी भिंतीवर बॅनर टांगला तर शिल्प झाकलं जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. सुधारित नियमांत अशा मूळ अक्षरांची आणि शिल्पांची वेगळी नोंद व्हावी, त्यांना नव्या पाटीच्या मोजमापातून वगळावं, आणि ती झाकण्यावर बंदी असावी.

मोठ्या होर्डिंगांबद्दल हे पुस्तक थोडक्यात लिहितं, मीही तेच करतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये वादळात होर्डिंग पडून १७ माणसं गेली. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना ते सुमारे एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचं होतं. नियम होता, पाळला गेला नव्हता. पाटी ही केवळ दिसण्याची बाब आहे, असं या दुर्घटनेनंतर तरी कुणी म्हणू नये.

सुधारणेचा आराखडा पुस्तकाच्या शेवटच्या भागात आहे. त्यातल्या प्रत्येक कलमाशी मी सहमत नाही; उदाहरणार्थ, तिसऱ्या श्रेणीच्या इमारतींना दिलेली सूट मला जास्त वाटते, कारण रस्त्याचा बाज याच साध्या इमारतींनी राखलेला असतो. पण त्यामागची मागणी मला पूर्ण मान्य आहे. दुकानदाराला, मालकाला, भाडेकरूला मराठीत एका कागदावर कळलं पाहिजे की आपल्या इमारतीत कुठलं काम विनापरवाना चालेल, कुठल्या कामाला लेखी सूचना पुरे, कुठल्याला समितीची संमती हवी, आणि ती किती दिवसांत मिळेल. पाटीसाठी तीन खिडक्यांऐवजी एक खिडकी हवी. आणि परवानगी नाकारणाऱ्याने त्याच कागदावर दुसरा मार्ग सुचवला पाहिजे.

वाचकांना एकच विनंती. नियमावलीत फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली राजपत्रात सूचना काढून जनतेच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, आणि त्यांना महिनाभराची मुदत असते. अशी सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि बहुतेक वेळा आपल्या नजरेतून सुटते. ती सुटू देऊ नका. तुमचं दुकान कमानीखाली असेल, तुमची खोली टेकूच्या जिन्यावर असेल, किंवा तुम्ही त्या रस्त्यावरून नुसते ऑफिसला जात असाल, तरी लिहा. साध्या मराठीत, हाताने लिहिलेलं पत्रही चालतं. हे पुस्तक शेजारी ठेवून, तुमच्या इमारतीला काय हवं आहे ते महिन्याच्या आत लेखी कळवा.